सवंगड्यांमधला सर्वांत धाकटा : रू

मधासाठी वेडे झालेले पू नावाचे अस्वल आणि त्याचे सवंगडी यांची व्यंगचित्रे आता मोबाइलच्या पडद्यावरून विदर्भातल्या अगदी लहान गावांतही पोहोचली आहेत. त्या सवंगड्यांमधला सर्वांत धाकटा, म्हणजे कांगारूचे पिल्लू रू, याच्याविषयी आलेल्या निवडक पत्रांना या वेळचे संपूर्ण सदर दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून त्यांत लहान मुलांचा उल्लेख असल्याने पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे एकत्र कुटुंब आहे आणि चार वर्षांची नात घरातले शेंडेफळ आहे. ती हे व्यंगचित्र पाहते आणि स्वतःला रू म्हणवून घेते. ‘मले खिशात ठेव’ असे म्हणत माझ्या लुगड्याच्या ओच्यात शिरून बसते. मोठी भावंडे लगोरी खेळताना तिला कच्चा लिंबू करतात, तेव्हा मात्र रडून घर डोक्यावर घेते. हा रू कोण आहे, आणि त्याच्या नादाने ती अधिकच लाडावेल का?
— एक आजी, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आजी, आपल्या नातीने सवंगडी फार चांगला निवडला आहे, आणि तिच्या रडण्याचे उत्तरही त्याच्याच गोष्टींत आहे.

ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकाने 1926 साली ‘विनी-द-पू’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात रू आणि त्याची आई कांगा सातव्या प्रकरणात येतात, आणि येतात ती परकी म्हणून. जंगलात एक अनोळखी आई पोराला खिशात घालून राहायला आली, हे तिथल्या सशाला खपत नाही. तिने निघून जावे म्हणून रूला पळवून नेण्याचा आणि त्याच्या जागी पिगलेट या डुकराच्या पिल्लाला खिशात बसवण्याचा बेत तो आखतो. कांगा घरी येऊन खिशाचे बटण काढते, त्याच क्षणी तिला फसवणूक कळते. परंतु तसे न दाखवता ती पिगलेटला रू समजून थंड पाण्याने अंघोळ घालते आणि रूचे औषधही पाजते. तिकडे ज्या सशाने हा सगळा डाव रचला, त्याची आणि रूची इतकी गट्टी जमते की पुढे दर मंगळवारी रूने दिवसभर सशाकडेच राहायचे, असे ठरून जाते. नव्याने आलेल्या कुटुंबाला त्या जंगलाने आपले म्हटले, त्यात या धाकट्याचा वाटा मोठा आहे, आणि त्यासाठी त्याला स्वतःच्या निर्भेळ उत्सुकतेपलीकडे काहीही करावे लागले नाही.

त्याच्या पुढच्याच प्रकरणात सगळे जण उत्तर ध्रुव शोधायला निघतात. वाटेत ओढ्याच्या काठी तोंड धुताना रू पाण्यात पडतो. सगळ्यांची धांदल उडते, ईयोर नावाचे गाढव त्याला धरता यावे म्हणून आपली शेपटी पाण्यात सोडून बसते, आई काठाने धावत ‘बरा आहेस ना रे’ असे विचारत राहते, आणि रू मात्र एका डोहातून दुसऱ्या डोहात वाहत जाताना ‘बघा, मी पोहतोय’ असे सर्वांना ओरडून सांगत असतो. पू एक लांब काठी ओढ्यावर आडवी धरतो, तिचे दुसरे टोक कांगा पकडते आणि रू त्या काठीच्या आधाराने वर येतो. इंग्रजीत ‘पोल’ म्हणजे ध्रुवही आणि काठीही, त्यामुळे तीच काठी म्हणजे उत्तर ध्रुव, असे मग ठरते. पूर्ण मोहीम यशस्वी झाली ती धाकटा पाण्यात पडला म्हणून, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या गोष्टींचे माझ्या मते सर्वांत मोठे वैशिष्ट्य हेच आहे की रू त्या सवंगड्यांमध्ये कधीही कच्चा लिंबू नसतो. तो लहान आहे हे सगळे जाणतात, त्याच्यावर नजर ठेवतात, वेळेवर घरी पाठवतात, पण त्याचे पडणे खरे असते, त्याची उडीही खरी असते आणि तिचा परिणाम सर्वांवर होतो. 1928 सालच्या दुसऱ्या पुस्तकात टिगर हा वाघ रूला पाठीवर घेऊन झाडावर चढतो आणि दोघेही तिथेच अडकतात. खाली चार सवंगडी ख्रिस्तोफर रॉबिन या मुलाचा अंगरखा चारही कोपऱ्यांनी ताणून धरतात, तेव्हा आनंदाने पहिली उडी घेणारा रू असतो आणि फांदीला चिकटून राहणारा टिगर असतो. लहान मूल मोठ्यापेक्षा नेहमी अधिक भितेच असे नाही, हे सांगणारे इतके नेमके प्रसंग बालसाहित्यात थोडे आहेत.

आणखी एक कारण आहे. चार वर्षांच्या मुलाला घरात, अंगणवाडीत, गावच्या पारावर, जिथे जावे तिथे आपल्याहून मोठेच भेटतात. रूला पाहताना मात्र ते आपणच मोठे होते. ‘आता हा पडणार’ हे त्याला रूच्या आधी कळते आणि ते पडद्याकडे पाहून त्याला बजावतेसुद्धा. एकाच वेळी रू असणे आणि रूला सांभाळणे ही दुहेरी भूमिका त्या वयाला फार सुखावते, आणि त्यातून मूल लाडावत नाही, उलट जबाबदारीची पहिली चव घेते.

म्हणून माझी विनंती आपल्यापेक्षा आपल्या मोठ्या नातवंडांना आहे. तिला कच्चा लिंबू करू नका. लगोऱ्या रचण्याचे काम तिला द्या, नेम मारायचा असेल तर तिची रेघ दोन पावले पुढे ओढा, पण नेम चुकला की तिचा डाव गेला असेच धरा. घरातही तिच्यावाचून अडेल असे एखादे लहान काम तिच्या नावावर असू द्या. संध्याकाळी कोंबड्या मोजून डालण्याचे काम चार वर्षांच्या मुलीला, मोठे कोणी जवळ असताना, चांगले जमते. ओच्यात बसण्याचे म्हणाल तर बसू द्या. रूसुद्धा दिवसभर भटकून शेवटी आईच्या खिशातच येतो.

प्रश्न : पिगलेट रूपेक्षा जास्त घाबरतो आणि तोही अगदी छोटा आहे. मग सर्वांत लहान पिगलेट नाही का? माझी आणि माझ्या मित्राची यावरून पैज लागली आहे.
— इयत्ता चौथीचा विद्यार्थी, चिमूर तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : बाळा, अंगाने पिगलेट आणि रू जवळजवळ सारखेच असावेत, नाहीतर एकाच्या जागी दुसऱ्याला खिशात बसवण्याचा बेत सशाला सुचलाच नसता. वयाने मात्र धाकटा रूच आहे. पिगलेट झाडातल्या स्वतःच्या घरात एकटा राहतो, आपली कामे आपण करतो, कोणाकडे जायचे ते आपण ठरवतो. रू आईजवळ राहतो, तिला विचारून बाहेर जातो आणि रोज तिच्या हातून औषध घेतो. घाबरण्यावरून वय मोजायचे ठरवले, तर झाडावर अडकलेल्या टिगरलाच सर्वांत लहान म्हणावे लागेल.

वय आणि आकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे सांगणारी फार जुनी गोष्ट आपल्याकडेही आहे. पाली भाषेतल्या जातककथांमध्ये तित्तिर जातक नावाची कथा आहे. एका मोठ्या वडाजवळ हत्ती, माकड आणि तित्तिर पक्षी हे तीन मित्र राहत होते. आपल्यात वडीलधारे कोण हे ठरवायचे आणि त्याला मान द्यायचा, असे त्यांच्या मनात आले. हत्ती म्हणाला, मी पिल्लू असताना या झाडावरून चालत जात असे आणि त्याचा शेंडा माझ्या पोटाला लागत असे. माकड म्हणाले, मी लहानपणी जमिनीवर बसून याच्या शेंड्याचे कोवळे कोंब खात असे. तित्तिर म्हणाला, मी दुसऱ्या एका वडाची फळे खाल्ली आणि त्यांचे बी माझ्या विष्ठेतून इथे पडले, त्यातून हे झाड उगवले. तेव्हापासून हत्ती आणि माकड त्या मूठभर पक्ष्याला वडील मानू लागले. म्हणजे त्या मित्रांमध्ये सर्वांत धाकटा कोण, तर हत्ती! बुद्धांनी भिक्खूंना ज्येष्ठांचा आदर कसा करावा हे समजावताना ही कथा सांगितली, असे विनयपिटकात आले आहे. पैज कोण जिंकले ते तूच ठरव, आणि मित्राला ही कथाही अवश्य सांग.

प्रश्न : ही पात्रे मुळात खरी खेळणी होती आणि ती अमेरिकेत जपून ठेवली आहेत, असे वाचले. त्यात रू आहे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नाही. ख्रिस्तोफर रॉबिन हा मिल्न यांचा मुलगा. त्याचे अस्वल, पिगलेट, ईयोर, टिगर आणि कांगा ही खेळणी 1987 पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे आहेत. रू मात्र 1930 च्या दशकातच एका सफरचंदाच्या बागेत हरवला आणि पुन्हा सापडला नाही. ससा आणि घुबड ही पात्रे मिल्न यांनी कल्पनेने घातली असल्यामुळे त्यांची मूळ खेळणी नव्हतीच.

प्रश्न : आमच्या शाळेतली कोरकू मुले विचारतात, की कांगारूचे पिल्लू पिशवीतच का राहते, ते किती दिवस राहते आणि पिशवीत पाणी शिरले तर काय होते. नेमकी माहिती द्यावी.
— जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका, धारणी तालुका, जि. अमरावती

उत्तर : बाई, कांगारूचे पिल्लू जन्मते तेव्हा ते पूर्ण वाढलेलेच नसते. लाल कांगारूचा गर्भकाळ साधारण 33 दिवसांचा असतो आणि जन्मणारे पिल्लू जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब, वजनाने एक ग्रॅमपेक्षाही कमी, आंधळे आणि केसहीन असते. मुलांना आपल्या बोटाचे पहिले पेर दाखवून ही लांबी सांगता येईल. हा इवलासा जीव पुढच्या पायांनी आईच्या केसांना धरत स्वतःच पिशवीपर्यंत चढतो आणि आतल्या एका आचळाला घट्ट चिकटून राहतो. पाचेक महिन्यांनी तो पहिल्यांदा डोके बाहेर काढतो, मग थोडा वेळ बाहेर येऊन पुन्हा आत उडी घेऊ लागतो आणि सुमारे आठ महिन्यांचा झाला की पिशवी कायमची सोडतो. करड्या कांगारूंत हा काळ अधिक, सुमारे अकरा महिन्यांचा असतो. पिशवी सोडल्यावरही पिल्लू काही महिने बाहेरून आत डोके घालून दूध पिते. त्याच वेळी आत नवे पिल्लू असेल, तर आई दोन वेगवेगळ्या आचळांतून दोन वेगवेगळ्या प्रकारचे दूध देते, आणि निसर्गातल्या या सोयीपुढे मी दर वेळी थक्क होतो. पिशवी फक्त मादीला असते. पाणी आत शिरू नये म्हणून पिशवीच्या तोंडाशी असलेले स्नायू आवळून आई ती बंद करू शकते. खऱ्या पिशवीला बटण नसते. कांगाच्या खिशाला आहे, कारण ती कापडाची आहे.

गोष्टीतला रू बोलतो, वाळूत छोट्या छोट्या उड्यांचा सराव करतो, उंदरांच्या बिळांत पडतो आणि पुन्हा चढून बाहेर येतो. म्हणजे तो पिशवी सोडण्याच्या सुमाराचा आहे, असे मुलांना सांगता येईल. भारतात पिशवीवाले प्राणी जंगलात आढळत नाहीत, तरी आपल्या शाळेसमोरच्या झाडावर त्याच्याच तोडीचा धडा रोज चालू असतो. वानराचे नवे पिल्लू काळपट असते आणि आईच्या पोटाला लटकून फिरते. टोळीतल्या इतर माद्या ते पिल्लू आळीपाळीने मागून घेतात, कुरवाळतात, पुन्हा आईला देतात. मुलांना वहीत त्याची नोंद करू द्या : पिल्लू किती जणींकडे गेले, रडले कधी, आईने परत घेतले कधी. मेळघाटात रानकुत्र्यांचे कळपही आहेत. त्यांच्यात शिकार झाली की मोठी कुत्री मागे सरून आधी पिल्लांना खाऊ देतात. मोठ्या मांसाहारी प्राण्यांत असे वागणे फार कमी दिसते.

प्रश्न : आमचे गाव जंगलाला लागून आहे आणि उन्हाळ्यात आम्ही सर्व जण मोहफुले वेचायला जातो. व्यंगचित्र पाहून माझा सहा वर्षांचा मुलगा म्हणतो, की अस्वल आपला मित्र असतो आणि त्याच्या पिल्लाला घरी आणू, मी त्याला रूसारखे सांभाळीन. त्याचे मन न मोडता त्याला कसे समजवावे?
— एक शेतकरी, सिंदेवाही तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, आपल्या काळजीला पूर्ण आधार आहे आणि या पत्राचे उत्तर मी सर्वांत जपून लिहीत आहे.

मुलाला प्रथम हे सांगा, की पू हे कापडाचे अस्वल आहे. एका मुलाच्या खेळण्यांची ती गोष्ट आहे. सहा वर्षांच्या मुलाला खेळणे आणि जनावर यांतला फरक उत्तम कळतो. फक्त तो कोणीतरी स्पष्ट बोलून दाखवावा लागतो. यात गोष्ट खोटी ठरत नाही आणि त्याचे मनही मोडत नाही.

मग आपल्या जंगलातल्या अस्वलाबद्दल सांगा, कारण धाकट्याला सांभाळण्याच्या बाबतीत ती आई कांगापेक्षा तसूभरही कमी नाही. आपल्याकडची अस्वलीण सहसा एक किंवा दोन पिल्लांना जन्म देते आणि ती थोडी मोठी झाली की त्यांना पाठीवर बसवून फिरवते. तिच्या पाठीवरच्या लांब, राठ केसांना धरून पिल्ले बसतात, आणि वाघासमोरसुद्धा ती पिल्लांना पाठीवर घेऊन उभी राहते. म्हणूनच ती माणसाला धोकादायक असते. अस्वल वाळवी, मध आणि मोहफुले खाते. आपणही पहाटे त्याच झाडाखाली जातो. तिची दृष्टी फारशी तीक्ष्ण नसते आणि खाण्यात गुंग असताना माणूस अचानक जवळ आला की ती पळण्याऐवजी अंगावर येते. पिल्लू सोबत असेल तर हे जवळपास ठरलेलेच समजावे. तेव्हा उजाडल्याशिवाय जाऊ नये, एकटे जाऊ नये, वाटेने मोठ्याने बोलत जावे, आणि खाली वाकून वेचण्याआधी झाडाभोवती नीट पाहावे. लहान मुलांना मोहाच्या झाडाखाली सोबत न नेणे सर्वांत बरे.

रानातले पिल्लू एकटे दिसले म्हणजे ते अनाथ आहे, असे समजू नये, हेही त्याला आत्ताच शिकवा. चितळाची आणि काळविटाची मादी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. पाडस हालचाल न करता पडून राहते आणि आई परत येते. अशी पाडसे लोक दयेपोटी उचलून आणतात आणि संध्याकाळी आलेली आई रिकामी जागा हुंगत फिरते. वानराच्या पिल्लाला हात लावला तर सगळी टोळी धावून येते. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे असे पिल्लू घरी ठेवणे गुन्हाही आहे. जखमी किंवा विहिरीत पडलेले पिल्लू दिसले तर हात न लावता वनरक्षकाला किंवा वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे.

‘रूला सांभाळीन’ ही मुलाची इच्छा मात्र वाया घालवू नका. घरात शेळी असेल तर यंदाचे एक करडू त्याच्या हवाली करा. त्याला पाला तोच घालील, पावसात आत तोच बांधील, आणि आई कुठे गेली म्हणून ते ओरडले तर त्याचे काय करायचे हेही तोच शोधून काढील.

प्रश्न : स्नेहसंमेलनात रूच्या गोष्टीवर मराठी नाटुकले बसवायचे आहे. परवानगी लागेल का, आणि रू कोणाला करावे?
— शिक्षक, चिखली तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : गुरुजी, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे लेखनहक्क टिकतो. मिल्न 1956 साली वारले, त्यामुळे त्यांचे मूळ लेखन 2017 च्या आरंभापासून आपल्याकडे मुक्त आहे आणि त्यावरून आपण स्वतः मराठी संहिता लिहू शकता. मूळ पुस्तकांतली चित्रे ई. एच. शेपर्ड यांची आहेत. ते 1976 साली वारले असल्याने त्या चित्रांवरचा हक्क अजून चालू आहे, आणि डिस्नेच्या व्यंगचित्रांतली रूपे तर त्या कंपनीच्या मालकीचीच आहेत. तेव्हा निमंत्रणपत्रिकेवर किंवा पडद्यावर ती चित्रे उतरवू नका. मुलांकडूनच नवी काढून घ्या. शाळेच्या कार्यक्रमात विद्यार्थी आणि शिक्षक यांनी केलेल्या, आणि प्रेक्षकही शाळेशी संबंधित व पालक एवढेच असलेल्या, प्रयोगाला कायद्याने वेगळी सूटही दिली आहे.

खिशासाठी वेगळे काही शिवायला नको. कापूस वेचताना बाया कमरेला कापड बांधून जी ओटी करतात, तीच कांगा होणाऱ्या मुलीला बांधावी. प्रत्यक्ष मूल तिच्यात मावणार नाही, म्हणून ओटीत कापडी बाहुले ठेवावे आणि रूने बाहेर यायचे तेव्हा तो कांगाच्या मागून उडी घेत पुढे यावा. रूसाठी पहिलीतले मूल घ्या, आणि पाठांतर चांगले आहे म्हणून चौथीतल्या मुलाला वाकून चालायला लावू नका. ओढ्याचा प्रसंग निवडलात तर त्याला एकच वाक्य पुरते : ‘बघा, मी पोहतोय!’ ते त्याला हवे तितक्या वेळा आणि हवे तितक्या मोठ्याने म्हणू द्या. ओढ्याऐवजी निळे कापड हलवणारी दोन मोठी मुले दोन्ही बाजूंना बसवा, म्हणजे तो गोंधळला तर काठी त्याच्या हातात देणारे कोणीतरी जवळ असेल.